लिस्बनला चार दिवस, सोबत आई आणि आईचे गुडघे

ऊनपाऊस
मंडळी, मे महिन्याच्या शेवटी मी आणि आई लिस्बनला जातोय. चार पूर्ण दिवस हातात आहेत. आई ६९ वर्षांची, उत्साह माझ्या दुप्पट पण गुडघे कुरकुरतात, सलग अर्धा तास चालली की बसायला लागतं. आणि लिस्बन म्हणजे सात टेकड्यांचं शहर असं जो तो सांगतोय. युट्युबवर बघितलं तर सगळे चढच चढतायत!! तर नक्की काय बघावं, काय सोडावं? आणि आई शाकाहारी आहे (अंडं चालतं). पोर्तुगीजांचं आणि आपल्याकडचं जे काही नातं आहे त्याच्याशी संबंधित ठिकाणं असतील तर तीही सांगा, आईला इतिहासाची फार आवड आहे. आधीच सगळ्यांना धन्यवाद.

सह्यप्रेमी
छान धागा. वाचतोय. आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

तेजो_तीरावर
मी सहा वर्षं लिस्बनला राहतेय, त्यामुळे सविस्तर लिहिते. आधी गुडघ्यांचं. चढ आहेत हे खरंच, पण इथले म्हातारे लोक काही सगळे चढ चालत चढत नाहीत, त्यांच्या युक्त्या शिकून घ्या. पहिली युक्ती म्हणजे बायशा-शियादु मेट्रो स्टेशन. त्याचं एक दार खाली बायशात उघडतं आणि दुसरं वर शियादुत, मधे सरकते जिने. म्हणजे अख्खी टेकडी उभ्या उभ्या चढून होते. दुसरी युक्ती, टेकडीवरच्या सांव जोर्जच्या किल्ल्याकडे जायला रुआ दुश फांकैरुश नावाच्या रस्त्यावर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे, ती एका टप्प्यावर सोडते, तिथून थोडं चालून सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या बरंच जवळ नेते. तेही नको असेल तर प्रासा द फिगैरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्याच्या दारात.

सांता जुस्ताची ती लोखंडी लिफ्ट (१९०२ची, ४५ मीटर उंच) फोटोत सगळ्यांना आवडते पण तासभर रांगेत उभं राहायची आईंना काही गरज नाही. शियादुला सरकत्या जिन्याने वर या, कार्मोच्या चौकातून चालत जाऊन त्याच लिफ्टच्या वरच्या पुलावर पोचता येतं.

आणि बूट. बूट चांगल्या पकडीचे घ्या. इथले फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या दगडाच्या बारक्या चौकोनी तुकड्यांचे असतात, दिसायला रांगोळीसारखे, पण वर्षानुवर्षं पायाखाली घासून गुळगुळीत झालेत. पाऊस पडला की अगदी शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या. चढताना नाही, उतरताना आईंचा हात धरा.

बंड्यामास्तर
ट्राम २८ मध्ये बसल्याशिवाय येऊ नका. १९३०च्या दशकातल्या पिवळ्या लाकडी ट्राम आहेत, अल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळातून जाते तेव्हा खिडकीतून हात काढला तर समोरच्या घरातल्या कुंडीला लागेल इतकी जवळून. गुडघ्यांचा प्रश्नच नाही, बसून शहर बघायचं.

कावेरी_के
बंड्यामास्तर, बसून बघायचं खरं पण बसायला मिळतं कुठे? आम्ही मार्तिम मुनीशला, म्हणजे २८ सुटते त्या चौकात, दीड तास रांगेत, मग आत उभ्यानेच, आणि उतरल्यावर कळलं की ह्यांच्या मागच्या खिशातलं पाकीट गेलं. कार्डं ब्लॉक करण्यात संध्याकाळ गेली. पासपोर्ट हॉटेलवर होते म्हणून निभावलं. ऊनपाऊस, पाकीट पुढच्या खिशात किंवा गळ्यातल्या पिशवीत, आणि ट्राममधे चढताना जी ढकलाढकली होते तेव्हाच सांभाळायचं.

तेजो_तीरावर
कावेरी, वाईट वाटलं वाचून. २८ साठी उलट्या टोकाला जायचं, काम्पु द ओरीकला, सकाळी नऊच्या आत. तिथे ट्राम रिकामी असते, खिडकी मिळते. नाहीतर १२ नंबरची ट्राम पकडा, छोटा फेरा मारते पण अल्फामातूनच जाते.
आणि एक, ग्लोरियाची फ्युनिक्युलर (उतारावर दोराने ओढली जाणारी ट्राम) बघायची यादीत असेल तर काढून टाका. ३ सप्टेंबर २०२५ ला तिचा अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यात रोज ये-जा करणारे लोकही होते. आम्ही सगळे त्या उतारावरून इतक्या वेळा गेलोय की अजून तिकडे बघवत नाही.

लेखणी
ओह. बातमी वाचली होती तेव्हा. श्रद्धांजली.

गिरगावचा_गण्या
खाण्याचं मी सांगतो. हॉटेलात बसलं की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. आपल्याला वाटतं पापड-लोणच्यासारखं फुकट असेल. नसतं! खाल्लं तर बिलात लागतं, हात लावला नाही तर नाही लागत. नको असेल तर हसून परत पाठवा, कोणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारी म्हणून काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पालेभाजीचं सूप मागवाल तर त्यात सॉसेजची चकती तरंगत असते, आधी विचारा. "सें कार्न, सें पैश" म्हणजे मांस नको मासा नको. हे एवढं पाठ केलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.
गोडाचं म्हणाल तर बेलें म्हणून नदीकाठचा भाग आहे, तिथे १८३७ पासून चालू असलेलं दुकान आहे तिथले पाश्तेल. कस्टर्डची वाटी, वरून जळका डाग, दालचिनी भुरभुरवायची. दोन मागवा, मग परत दोन मागवाच.

ऊनपाऊस
बापरे किती माहिती! फुकट लिफ्टचं तर आईला वाचून दाखवलं, ती म्हणे "मग काय, चला". गण्या, अंडं चालतं म्हणजे पाश्तेल चालतील ना?

गिरगावचा_गण्या
पळतील. पिवळा बलकच असतो सगळा.

म्हापशेंकार
हांव म्हापशेचो, बायको पोंड्याची, आम्ही दोन वेळा जाऊन आलोय. आमच्या आजोबांनी पणजीच्या लिसेंवात (पोर्तुगीज हायस्कुलात) शिक्षण घेतलं, घरात पोर्तुगीज बोलायचे, पण लिस्बन त्यांनी कधी बघितलं नाही. मी पहिल्यांदा अल्फामात शिरलो तेव्हा पाय थांबले. तेच बाल्कांव (दारापुढची बसायची पडवी), तीच खिडक्यांची निळी चौकट, कोपऱ्यावर खुरीस (क्रूस), दारात म्हातारी बसलेली. पणजीची फोंताइन्हास ही जुनी पोर्तुगीज वस्ती डोंगरावर चढवल्यासारखं. आणि कॅफेच्या काचेच्या कपाटात चक्क सामोसे! तिथे "शामुसा" म्हणतात, गोव्याच्या आणि मोझांबिकच्या लोकांनी नेले. मात्र बहुतेक ठिकाणी आत खिमा असतो, तुमच्या आईसाठी विचारून घ्या.
अंतोनियु कोश्ता, जे २०१५ ते २०२४ पंतप्रधान होते, त्यांचं घराणं मडगावचं. घरात त्यांना बाबुश म्हणत. हे तिथल्या टॅक्सीवाल्याला सांगितलं तर त्याने मला दहा मिनिटं राजकारण ऐकवलं.

वसईवाला
धाग्यावर यायला उशीर झाला. आम्ही वसईचे, म्हणजे १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचे आणि मग चिमाजी आप्पांचे. मला लिस्बनमधे सगळ्यात जास्त मजा आली ती सुपरमार्केटात! फळांच्या विभागात गेलो तर पाटीवर अनानाश. पुढे पापाया. बटाट्यावर बाताता. कोबीवर कोव्ह. बेकरीत पांव. घरमालकाने हातात किल्ली दिली आणि म्हणाला शाव, म्हणजे आपली चावी. पगार, लिलाव, इस्त्री, फीत, घमेलं, पाद्री, नाताळ, सगळी तिकडचीच. आणि हापूस तर आफोंसुचाच. गोवा जिंकणाऱ्या त्या आफोंसु द अल्बुकर्कचा उंच पुतळा बेलेंमधे राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर उभा आहे.
ऊनपाऊस, आईंना सुपरमार्केटात न्या, गुडघ्याला त्रास नाही आणि तासभर आरामात जातो.

लेखणी
हे भारी आहे वसईवाला. बालदी पण ना? आणि मेज, काजू.

वसईवाला
हो, बाल्द, मेझा, काजू.

सह्यप्रेमी
आपण हापूस खाताना त्याच्या नावाचं कौतुक करतो आणि तो माणूस गोव्यात काय करून गेला ते सोडून देतो, हे मला पटत नाही. सरळ विचारतो, बेलेंच्या त्या दर्यावर्दी स्मारकापाशी उभं राहून फोटो काढावासा वाटतो का तुम्हाला? गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) चाललं, मधली चार वर्षं सोडली तर. मला नाही वाटत मी तिथे हसत उभा राहू शकेन.

म्हापशेंकार
सह्यप्रेमी, तुमचा राग मला कळतो. माझ्या घरात दोन्ही आहे, आजोबांचं पोर्तुगीज प्रेम आणि त्यांच्याच सख्ख्या भावाने सत्याग्रहात खाल्लेला मार. म्हणूनच मी सांगतो, जा आणि बघा. स्मारक १९६०चं आहे, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं, म्हणजे गोवा हातातून जायच्या अवघ्या एक वर्ष आधी ते पंधराव्या-सोळाव्या शतकाचा गौरव दगडात करत होते. समोर जमिनीवर संगमरवरात जगाचा भलामोठा नकाशा आहे. त्यावर आमचा किनारा शोधा. आपला किनारा त्यांच्या नकाशात बोटभर आहे आणि त्या बोटभर जागेत साडेचारशे वर्षं गेली. हसू नका, नुसते उभे राहा.
आणि रोसिओ चौकात जे पांढऱ्या खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह आहे ना, १८४६ सालचं, त्या जागी लिस्बनच्या इन्क्विझिशनचा वाडा होता. बाजूलाच सांव दुमिंगुशचं चर्च. १५०६ साली ज्यूंची कत्तल तिथून सुरू झाली, बाहेर त्याचं स्मारक आहे. आत गेलात की १९५९ च्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवलेले दिसतात, दगड भाजून लालसर झालाय. सगळं सपाटीवर आहे, आईंना चालेल.

सह्यप्रेमी
नाट्यगृहाचं माहीत नव्हतं. धन्यवाद. तुमच्या आजोबांच्या भावाबद्दल वेगळा धागा काढा ना.

कावेरी_के
+१ वेगळ्या धाग्यासाठी.

बंड्यामास्तर
शाळेत शिकवतो म्हणून दोन गोष्टी जोडतो. एक, १ नोव्हेंबर १७५५. सगळ्या संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमधे, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या आणि भूकंप झाला. जे नदीकाठी पळाले त्यांच्यावर समुद्राची लाट आली आणि उरलेलं शहर मेणबत्त्यांच्या आणि चुलींच्या आगीत दिवसेंदिवस जळत राहिलं. कार्मोच्या मठाचं छप्पर तेव्हा कोसळलं ते परत घातलंच नाही. दगडी कमानी उभ्या आहेत आणि वर नुसतं आभाळ. मग राजाचा मंत्री पोंबाल याने खालचा भाग सरळ रेघांच्या रस्त्यांचा बांधून काढला, भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा घातला म्हणजे इमारत हलेल पण पडणार नाही. चाचणी म्हणून सैनिकांना भोवती पाय आपटत चालवलं असं सांगतात. आज बायशात फिरताना ज्या सारख्या दिसणाऱ्या इमारती दिसतात त्या ह्याच.

दुसरी, गेंडा! गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहने अल्बुकर्कला गेंडा भेट दिला, त्याने तो पोर्तुगालच्या राजा मानुएलला पाठवला. २० मे १५१५ ला गेंडा लिस्बनला उतरला. युरोपात रोमन काळानंतर कोणी जिवंत गेंडा बघितलाच नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररने नुसत्या वर्णनावरून आणि कोणाच्यातरी रेखाटनावरून त्याचं ते प्रसिद्ध चित्र काढलं. पुढे राजाने तो पोपला पाठवला तर वाटेत जहाज बुडालं, बिचारा साखळीने बांधलेला. बेलेंच्या बुरुजावर एका कोपऱ्याला गेंड्याचं डोकं कोरलंय, झिजलंय पण ओळखू येतं. मुलांना ही गोष्ट सांगितली की वर्ग शांत होतो. बुरुजात आत जिना फार अरुंद आहे, ऊनपाऊसच्या आईंनी बाहेरूनच बघावा.

तेजो_तीरावर
बेलेंला सोमवार टाळा, तिथला जेरोनिमुशचा मठ बंद असतो. त्याच मठात व्हास्को द गामाची कबर आहे, समोर कवी कामोइंशची. आणि कुठेही जायच्या आधी चालू आहे का ते त्यांच्या साइटवर बघा, जुन्या वास्तूंची डागडुजी सतत काढलेली असते.
मेअखेर म्हणजे जाकारांदा फुललेला असेल, रस्ते जांभळे. जूनची तयारीही सुरू झालेली असते. १२-१३ जूनला सांतु अंतोनियुचा सण असतो, तेव्हा बोळाबोळात कोळशावर तारली भाजतात. तुम्ही आधी परत जाल, आईंच्या नाकाला ते बरंच आहे म्हणा.

म्हापशेंकार
तारल्यांच्या वासाने माझ्या बायकोला घरची आठवण येऊन रडू आलं होतं तिथे. खरंच.

लेखणी
ऊनपाऊस, आईंना इतिहासाची आवड आहे म्हणालात म्हणून लिहिते. गोवामुक्तीवाले मोहन रानडे, सांगलीचे. १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी हा माणूस पोर्तुगालच्या तुरुंगातच. लिस्बनजवळ काशीयशचा किल्ला आहे तिथे. कितीतरी वर्षं एकांतवास. इकडे सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे १९६९ च्या जानेवारीत सुटले. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं! हे आपल्याकडच्या तरुण मुलांना माहीतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. लिस्बनला जाणारे आपले लोक मठ बघतात, पाश्तेल खातात, काशीयशचं नावही घेत नाहीत.

तेजो_तीरावर
लेखणी, मी सहा वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं. काशीयश माहीत आहे ते हुकूमशाही संपवणाऱ्या २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीमुळे, क्रांतीनंतर एक-दोन दिवसातच तिथले राजकीय कैदी सोडले, ते फोटो दरवर्षी पेपरात येतात. आता तिथे अजूनही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. पण काइश दु सोद्रेहून कश्काइशला जी लोकल जाते तिच्या वाटेवर काशीयश स्टेशन आहे. समुद्राला लागून जाते ती गाडी.

ऊनपाऊस
लेखणीताई, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली आणि ती एकदम गप्प झाली. ती सांगलीची. रानडे सुटले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. म्हणाली बाबांनी पेपर मोठ्याने वाचला होता घरात. आता चार दिवसात काय ठेवायचं काय सोडायचं हा प्रश्नच राहिला नाही, एक दिवस तिने ठरवून टाकलाय.

कावेरी_के
अंगावर काटा आला वाचून. आल्यावर लिहा नक्की.

सह्यप्रेमी
लिहाच.

ऊनपाऊस
आलो परत मागच्या आठवड्यात. जेट लॅग आणि धुण्याचा ढीग यातून आज वेळ मिळाला.

आधी गुडघे. तेजो_तीरावर, तुमच्या सरकत्या जिन्याने आणि दोन लिफ्टांनी आमची ट्रिप वाचवली. आई चारही दिवस फिरली. एकदाच त्रास झाला, किल्ल्यावरून अल्फामात चालत उतरायचा मोह झाला तेव्हा. दर वळणावर पायरी. मधेच एका दारात एक आजी खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी आईचा चेहरा बघितला, आत गेल्या आणि दुसरी खुर्ची घेऊन आल्या. वीस मिनिटं दोघी शेजारी शेजारी बसल्या. भाषा शून्य. आईने गुडघ्याला हात लावला, त्यांनीही आपल्या गुडघ्याला लावला. निघताना आई "ओब्रिगादा", म्हणजे धन्यवाद, म्हणाली. बाईने म्हणताना दा आणि पुरुषाने म्हणताना दु हे तिने विमानातच पाठ केलं होतं.

सुपरमार्केटात तासाच्या ऐवजी दीड तास. वसईवाला, आईने वहीत एकोणीस शब्द लिहून आणलेत.

बेलेंला नकाशासमोर उभं राहिलो. म्हापशेंकार, तुम्ही म्हणालात तसंच केलं. आईने फोटो काढू दिला नाही. गेंडा सापडला, मास्तर, पण मला दाखवायला लागला तिने.

आणि काशीयश. तिसऱ्या दिवशी सकाळी लोकलने गेलो. डावीकडे नदी, ती हळूहळू रुंद होत समुद्र होते, कुठे झाली ते कळत नाही. स्टेशन छोटंसं. उतरणारे आम्ही दोघी आणि एक सर्फिंगची फळी घेतलेला मुलगा. वर चढ होता आणि आईचा गुडघा आदल्या दिवशीच्या अल्फामाने दुखावलेला, म्हणून आम्ही प्लॅटफॉर्मच्या बाकावरच बसलो. शेजारी एक आजोबा, पंच्याहत्तरी पार असतील. आईने सरळ त्यांना विचारलं, "प्रिझांव?" म्हणजे तुरुंग. हा शब्द तिने मुद्दाम विचारून घेतला होता माझ्याकडून. त्यांनी आमच्याकडे नीट बघितलं आणि हाताने मागच्या टेकडीकडे दाखवलं. मग आई म्हणाली "गोवा". एवढंच. आजोबा जरा वेळ काही बोलले नाहीत, मग भरभर बरंच बोलले, त्यातलं आम्हाला फक्त "अब्रील", म्हणजे एप्रिल, कळलं. बोलताना त्यांनी दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवली आणि मग झटकून वेगळी केली. ते स्वतः आत होते की त्यांचं कोणी होतं, ते काही कळलं नाही. गाडी आली तेव्हा त्यांनी आईची पिशवी उचलून डब्यात ठेवली.

आई हॉटेलवर येईपर्यंत फारसं बोलली नाही. रात्री म्हणाली, इथून समुद्राचा आवाज येत असेल ना त्यांना आत, कोठडीत.

लेखणी
ऊनपाऊस, आईंना माझा नमस्कार सांगा.

म्हापशेंकार
देव बरें करूं तुमच्या आईचें. पुढच्या वेळी जाईन तेव्हा मीही उतरेन तिथे.

बंड्यामास्तर
गेंडा + काशीयश, दोन्ही येत्या सोमवारी वर्गात सांगणार.

सह्यप्रेमी
ऊनपाऊस, लोकलचं तिकीट वेगळं काढायला लागतं की मेट्रोचंच कार्ड चालतं?

ऊनपाऊस
तेच नाव्हेगांत कार्ड चालतं, त्यात आधी पैसे भरून ठेवायचे. एका माणसाला एक कार्ड, दोघांत एक चालत नाही, आम्ही पहिल्या दिवशी गेटवर अडकलो होतो. आणि परत येताना उजवीकडच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला असते.